जुनी गोधडी, नवा टाका

रत्नागिरी जिल्ह्यातील जुन्या घरांत माळ्यावर किंवा मोठ्या पेटाऱ्यात एखादी तरी गोधडी घडी घालून ठेवलेली आढळते. तिचे रंग विटलेले असतात, काठ उसवलेले असतात आणि एखाद्या कोपऱ्यातून आतल्या लुगड्याचा पदर डोकावत असतो. घरातील वडीलधारी माणसे ती टाकू देत नाहीत. तरुण माणसे ती पांघरायला धजत नाहीत, कारण अंगावर ओढताच ती फाटेल अशी त्यांना भीती वाटते. अशा गोधडीचे काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता लहान वाटतो. परंतु पूर्वजांनी मागे ठेवलेल्या प्रत्येक सुंदर वस्तूबाबत हाच प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतो, म्हणून त्याचा नीट विचार करणे अगत्याचे आहे.

ह्या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. काहींच्या मते जुन्या गोधडीसारखी हुबेहूब दुसरी गोधडी शिवावी; तेच रंग, तेवढेच तुकडे, तीच मांडणी. काहींच्या मते जुन्याचा मोह सोडून द्यावा. दुकानात हलकी आणि उबदार पांघरुणे मिळत असताना चिंध्या जोडण्यात वेळ का दवडावा? दोन्ही उत्तरांत थोडे सत्य आहे, पण पुरते सत्य कोणत्याही एकात नाही. जुन्या गोधडीवरून नवी गोधडी अवश्य शिवावी. मात्र शिवताना तिची रीत उचलावी आणि तिचे रूप आपले आपण घडवावे. रीत जुनी आणि रूप नवे, असा मेळ बसला तरच ही कला जिवंत राहील.

हे म्हणणे पटण्यासाठी गोधडी म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. वापरून मऊ झालेल्या सुती कापडाचे थर एकावर एक पसरून ते हाताने धावदोरा घालून एकजीव केले की गोधडी होते. काही भागांत तिला वाकळ असेही म्हणतात. नऊवारी लुगडे सुमारे आठ मीटर लांब असते. त्याच्या चार घड्या घातल्या की माणसाच्या उंचीहून थोडा लांब असा चार पदरी थर तयार होतो. लुगड्याचा मधला भाग नेसून नेसून विरतो, पण काठ मजबूत राहतात. म्हणून विरलेले कापड आत जाते आणि धड कापड वर येते. वरच्या बाजूस सदऱ्यांचे, परकरांचे, झबल्यांचे तुकडे ठिगळांसारखे जोडले जातात. मग घरातील दोघी-तिघी जणी ओटीवर किंवा पडवीत गोधडीच्या कडांना बसून टाके घालू लागतात. पुष्कळ गोधड्यांत टाक्यांच्या ओळी काठापासून मध्याकडे, चौकटीच्या आत चौकट, अशा सरकत जातात आणि शेवटची लहानशी चौकट मध्यभागी येऊन मिटते.

हे टाके केवळ शोभेचे नसतात. ते थरांना जागचे हलू देत नाहीत. थरांच्या मध्ये हवा अडकून राहते आणि त्यामुळे ऊब टिकते. टाके विरळ पडले, तर धुताना आतले कापड गोळा होऊन एका बाजूला सरकते व गोधडी निकामी होते. कोकणात तर गोधडीला धुण्याची कसोटी वारंवार द्यावी लागते. जून ते सप्टेंबर तेथे पाऊस कोसळत असतो आणि अंथरूण-पांघरूण सर्द होऊन जाते. म्हणून पाऊस लागण्यापूर्वी, वैशाखाच्या कडक उन्हात, गोधड्या धुऊन वाळवतात. कापसाची गादी अशी धुता येत नाही; गोधडी धुता येते. तिची बांधणी अशी का आहे, ह्याचे उत्तर त्या मुलुखाच्या हवेतच आहे.

रत्नागिरीच्या गोधडीत त्या मुलुखाचा इतिहासही शिवला गेला आहे. मुंबईतील पहिली कापूस गिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि पुढील शतकभर कोकणातील हजारो माणसे गिरण्यांत कामाला गेली. हे चाकरमानी शिमग्याला किंवा गणपतीला गावी परतताना घरच्यांसाठी कापडचोपड घेऊन येत. ते कापड आधी थोरांच्या अंगावर, मग त्यातून बेतलेल्या कपड्यांच्या रूपाने धाकट्यांच्या अंगावर, आणि अखेरीस गोधडीत जाई. १९८२ च्या संपानंतर मुंबईतील अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. आज एखाद्या जुन्या गोधडीतील निळा किंवा किरमिजी तुकडा हाती घेतला, तर तो ज्या गिरणीत विणला गेला ती गिरणीही कदाचित उरलेली नसेल. तो तुकडा मात्र कोणा एका स्त्रीने वाया जाऊ दिला नाही, म्हणून टिकून राहिला.

ह्यावरून पहिली गोष्ट स्पष्ट होते. नवी गोधडी शिवण्यासाठी जुनी गोधडी कापू नये. तिचे चांगले तुकडे काढून नव्या गोधडीत बसवावेत असा मोह होतो. परंतु तसे केल्याने दोन पिढ्यांपूर्वीचे एक पुस्तक फाडून त्याची पाने वहीला पुठ्ठा म्हणून लावल्यासारखे होईल. जुनी गोधडी कोरड्या जागी, कसरीपासून सांभाळून ठेवावी आणि अधूनमधून उलगडून तिची घडी बदलावी, म्हणजे एकाच रेघेवर कापड तुटत नाही. तिचे माप घ्यावे. उसवलेल्या कडेला थर किती आहेत, हे मोजावे. बोटाच्या एका पेरात किती टाके बसले आहेत, तेही मोजावे. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. आणि घरात कोणी आजी किंवा पणजी असेल, तर कोणता तुकडा कोणाच्या कपड्याचा, हे तिला विचारून लिहून ठेवावे. जुन्या वस्तूचा खरा मान राखला जातो तो असा.

आता हुबेहूब नक्कल करावी म्हणणाऱ्यांकडे वळू. त्यांचे जुन्यावरील प्रेम खरे आहे आणि त्यांची भीतीही रास्त आहे. प्रत्येकाने आपल्या मनाप्रमाणे फेरफार केले, तर मूळ नमुनाच हरवेल, असे त्यांना वाटते. परंतु त्यांनी एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. जुन्या गोधडीत मध्यभागी लाल चौकोन का आहे? त्या वर्षी घरातील एखाद्या मुलीचा लाल परकर फाटला होता, म्हणून तो तेथे असू शकेल. त्याच्या शेजारी पांढरी पट्टी का आहे? आजोबांचे धोतर तेवढेच धड उरले होते, हेही त्याचे कारण असू शकेल. शिवणाऱ्या स्त्रीने जे घरात होते त्यातून निवड केली आणि त्या निवडीला आपल्या डोळ्यांनी सौंदर्य दिले. आज तोच लाल चौकोन आणि तीच पांढरी पट्टी साधण्यासाठी बाजारातून कोरे लाल कापड विकत आणून त्याचे मुद्दाम तुकडे करणे, हे मूळ शिवणारणीला मोठे विचित्र वाटले असते. तिने चिंध्यांतून धड वस्त्र केले. तिची नक्कल करणारा धड वस्त्राच्या चिंध्या करतो. रूप जुळते, पण अर्थ नेमका उलटा होतो.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तपासून पाहिले पाहिजे. जुन्या नियमांचे ओझे कशाला, ज्याला जसे सुचेल तसे त्याने शिवावे, असे काही जण म्हणतात. गोधडी मात्र असे लाड चालू देत नाही. घाईने लांब टाके घातले की थर सरकतात. रंग जाणारे कापड आधी पारखून घेतले नाही, तर पहिल्याच धुण्यात त्याचा रंग शेजारच्या पांढऱ्या तुकड्यावर उतरतो. आटणारे नवे कापड न धुता जुन्याबरोबर शिवले, तर सुरकुत्या पडून टाके ताणले जातात. कृत्रिम धाग्याची साडी दिसायला झगझगीत असली, तरी ती सुईखाली निसटते आणि घाम शोषून घेत नाही. ह्या अडचणी जुन्या बायकांना अनुभवाने ठाऊक होत्या आणि त्यांतूनच रीत तयार झाली. अनेक हातांनी सोसलेल्या चुकांचे सार त्या रीतीत साठलेले असते. ते सार फेकून देणारा स्वतंत्र होत नाही; जुन्याच चुका नव्याने करण्यात त्याचा वेळ जातो.

रीत राखून रूप बदलण्याची उदाहरणे दूर शोधायला नकोत. कोकणच्या दक्षिणेस, गोव्याच्या पलीकडे, कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाज राहतो. ह्या समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले होते. त्यांतील पुष्कळांना पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात गुलामगिरी सोसावी लागली आणि तेथून निसटून त्यांनी अरण्याचा आश्रय घेतला. त्या समाजातील स्त्रिया जुन्या कपड्यांची जी गोधडी शिवतात तिला कवंद म्हणतात. कवंद शिवताना काठापासून आरंभ करून आत मध्याकडे जायचे आणि शेवटी कोपऱ्यांवर घडी घातलेले लहान तुकडे, म्हणजे ‘फुला’, बसवायचे, अशी त्यांची रीत आहे. फुलांवाचून कवंद पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. इतकी रीत सर्वांची एक. परंतु आतील तुकड्यांची मांडणी जिची तिची. म्हणून दोन कवंदी सारख्या नसतात आणि तरीही कोणतीही कवंद पाहताच ती कोणत्या समाजाची, हे जाणकार ओळखतो.

गोधडीहून वेगळ्या अशा एका कलेनेही हाच धडा दिला आहे. सावंतवाडी हे गाव १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते; त्या वर्षी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. तेथे गंजिफा नावाचे गोल पत्ते हाताने रंगवून त्यांवर लाखेचा थर देत असत. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात बारा पाने, अशी एकूण १२० पाने असतात. खेळणारे कमी झाले तसे रंगवणारेही कमी झाले. तेव्हा सावंतवाडीचे शिवरामराजे भोंसले आणि सत्त्वशीलादेवी भोंसले ह्यांनी पुंडलिक चितारी ह्या वृद्ध कलावंताकडून ही कला शिकून घेतली आणि १९७१ च्या सुमारास राजवाड्यात तरुण चित्रकारांना शिकवून तिचे काम पुन्हा सुरू केले. तेथे जुन्या पद्धतीचे दशावतारी संच तर रंगवले गेलेच, पण आजच्या ५२ पानांच्या खेळाचे पत्तेही त्याच शैलीत रंगवले गेले. आधी जाणत्या हाताखाली बसून रेष शिकणे आणि मग ती रेष नव्या उपयोगाला लावणे, हा क्रम येथे लक्षात घेण्यासारखा आहे. क्रम उलटा असता, तर कला उरली नसती; दुसरे पाऊल टाकलेच नसते, तर ती घेणारे उरले नसते.

परदेशातही ह्याच प्रश्नाला सामान्य घरांतील स्त्रियांनी तोंड दिले. उत्तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर थंडी कडक असते. तेथील स्त्रिया एकोणिसाव्या शतकात जुन्या लोकरी कपड्यांच्या पट्ट्या कापून, त्या आकड्याने तागाच्या कापडातून वर ओढून, फासे-फासे असलेली सतरंजी करू लागल्या. हे तागाचे कापड म्हणजे धान्याच्या पोत्यांचे गोणपाट; आणि तो ताग प्रामुख्याने बंगालमधून जात असे. म्हणजे भारतातील शेतकऱ्याने पिकवलेला ताग हजारो कोसांवरील घरात सतरंजीचा पाया झाला. पुढे मेन नावाच्या राज्यातील एडवर्ड फ्रॉस्ट ह्या फेरीवाल्याने पत्र्याचे छाप कापून गोणपाटावर तयार नक्षी छापली आणि ती घरोघर विकली. त्यामुळे एकाच नक्षीच्या सतरंज्या अनेक घरांत होऊ लागल्या. तरीही पुष्कळ स्त्रियांनी छापलेल्या फुलाचा रंग बदलला, कोठे एखादे पान वाढवले, कोठे काठाची वेल निराळी केली. आज त्या सतरंज्या पाहताना पाहणाऱ्याची नजर अशा बदललेल्या जागांवरच अधिक रेंगाळते. कारण छाप सर्वांचा होता, पण तो बदल एकीचा होता.

ह्या सर्व उदाहरणांवरून आजच्या घरात गोधडी कशी शिवावी, हे ठरवता येते. शिवणाऱ्याने प्रथम जुन्या गोधडीचा टाका शिकावा. हातभर लांबीच्या फडक्यावर तो टाका सरळ आणि सारख्या अंतराने पडेपर्यंत सराव करावा. मग आजच्या घरातील वापरून जुने झालेले सुती कपडे निवडावेत: आईची विरलेली साडी, वडिलांचा सदरा, धाकट्या भावंडाचे झबले, शाळेचा आखूड झालेला गणवेश. ह्या कपड्यांचे रंग पणजीच्या गोधडीतील रंगांशी जुळणार नाहीत आणि ते जुळवण्याचा हट्टही धरू नये. पणजीने जसा आपल्या काळाचा रंग गोधडीत आणला, तसा तिच्या पणतीने आपल्या काळाचा आणावा. मध्यभागी लाल चौकोनाऐवजी कोणाला होडी सुचेल, कोणाला माडाचे झाड, कोणाला रत्नदुर्गावरील दीपगृह. टाक्यांची ओळ सरळ न नेता लाटेसारखी वळवली तरी हरकत नाही; ओळींतले अंतर मात्र सारखे राहिले पाहिजे. कल्पनेने कोठे मोकळे सुटावे आणि हाताने कोठे बांधून घ्यावे, हे जुनी गोधडीच शिकवते.

हे काम मुलींनीच करावे असे मानण्याचे कारण नाही. कोकणच्या किनाऱ्यावर पुरुष माणसे जाळी दुरुस्त करतात, पूर्वी गलबतांची शिडे शिवत, आणि त्या कामात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. जो मुलगा आपल्या पांघरुणाचे चार टाके घालू शकतो, त्याला ते शिवणारीच्या श्रमांची किंमत कळते.

ह्या कामात एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळले पाहिजे. नवी गोधडी जुनी भासावी म्हणून तिचे कापड चहाच्या पाण्यात बुडवून पिवळे करणे, किंवा काठ मुद्दाम उसवणे, ही फसवणूक आहे. नव्या वस्तूने आपले वय लपवू नये. जुन्या गोधड्यांवर शिवणारीचे नाव बहुधा आढळत नाही. तिने महिनोन्महिने, दिवसाची कामे उरकून, दुपारच्या उजेडात टाके घातले. पण ती कोण होती, हे आज पुष्कळ घरांत कोणाला सांगता येत नाही. म्हणून नव्या गोधडीच्या एका कोपऱ्यात शिवणाऱ्याचे नाव आणि वर्ष दोऱ्याने काढावे. आणि ज्या जुन्या गोधडीवरून ती शिवली, तिच्या शिवणारणीचे नाव कळले, तर तेही शेजारी काढावे. ज्याच्याकडून आपण घेतले त्याचे ऋण उघडपणे मान्य करण्यात लहानपणा नाही.

‘जुने ते सोने’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. परंतु सोने तिजोरीत पडून राहिले तरी सोनेच राहते. हाताच्या कलेचे तसे नाही. ती वापरात राहिली तरच राहते. रत्नागिरीच्या ज्या घरांत आज गोधडीचा टाका जाणणारी वृद्ध स्त्री आहे, त्या घरांत ती विद्या शिकण्याची सोय आज आहे. आणखी वीस वर्षांनी ती असेलच, असे म्हणता येणार नाही. गोधडी पेटाऱ्यात जपून ठेवता येते, टाका तसा ठेवता येत नाही. तो एका हातातून दुसऱ्या हातात द्यावा लागतो. म्हणून सुटीच्या दिवशी एखादी जुनी गोधडी माळ्यावरून खाली काढावी, तिचे टाके मोजावेत, आजीला शेजारी बसवून सुई हाती घ्यावी आणि आपल्या घरातील जुन्या कपड्यांवर पहिली ओळ घालावी. ती ओळ थोडी वाकडी आली तरी चालेल. दुसरी अधिक सरळ येईल.